वाट्याचे भात

मे २०१९ मध्ये मी शाळेतून निवृत्त झालो. ‘कोकणात भात पिकते’ हे वाक्य भूगोलाच्या तासाला किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, त्याची गणती नाही. वसईतील आमची दीड एकर खाचरे मात्र वडिलांच्या पश्चात १९९६ साली मीच विकली. तेथे आता इमारती आहेत. आईने कागदांवर सही केली; पण तेव्हापासून विकतचा तांदूळ निवडताना ती कुणाशी बोलत नसे.

वाडा तालुक्यात एका सेवाभावी न्यासाची सात एकर सामुदायिक शेती आहे. जमीन न्यासाची, श्रम चौदा वारली कुटुंबांचे आणि धान्याची वाटणी कामाच्या दिवसांवर. हिशेब लिहायला माणूस हवा असल्याचे कळले, म्हणून मी गेलो. बांधावर बसून वही भरावी, एवढीच माझी कल्पना. पहिल्याच आठवड्यात एका मावशींनी विचारले, “गुरुजी, बांधावरच्याचा दिवस कसा मांडायचा?” उत्तर सुचेना, तेव्हा विजार दुमडून मी चिखलात उतरलो.

पालापाचोळा आणि शेण पसरून उन्हाळ्यातच राब भाजून झाला होता. जूनच्या पावसात त्यावर पेरलेली रोपे जुलैत लावणीला आली. न्यासाचे कृषिमार्गदर्शक चारसूत्री पद्धतीचे आग्रही होते. खुणांची दोरी ताणायची, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतर आलटून पालटून सोडायचे आणि लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी खोल खुपसायची. दोरी पाहून बायका मनमुराद हसल्या. पण दोरीपेक्षा मोठी अडचण मी होतो. माझी रोपे फार खोल जात, आणि खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. मावशी मागे वळून म्हणाल्या, “पुरू नका गुरुजी, टेकवा.”

आमच्या खाचरांतही लावणीला याच बाजूची माणसे येत. आठ-आठ दिवस ती आमच्या पडवीत झोपत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला आठवत नाही. बहुधा मी कधी विचारलेच नव्हते.

श्रावण बेणणीत गेला. ऑक्टोबरात लोंब्या वाकल्या, कापणी सुरू झाली आणि पाऊस जाईना. ऐन दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ घोंघावत होते. ते किनाऱ्यावर आले नाही, तरी त्या दिवसांतील पावसाने कोकणभर कापलेले भात भिजले. आमचे तीन एकरांतील भात आडवे पडले होते. चौथ्या दिवशी कडपे उचलले, तर दाण्यांना पांढरे कोंब! ते हातात घेऊन मावशी उकिडव्या बसून राहिल्या. तापामुळे तीन आठवडे त्या कामावर नव्हत्या. माझ्या वहीत त्यांचे दिवस सर्वांत कमी होते.

उरलेले भात झोडून झाल्यावर आंब्याखाली सभा भरली. नियमाप्रमाणे मी आकडे वाचले. मावशींच्या वाट्याला येणारे धान्य फाल्गुनापर्यंतही पुरले नसते. सर्वांना सारखे द्यावे, असे कुणी तरी सुचवले. नियम मोडला तर पुढच्या वर्षी कामाला कोण येईल, असे मी म्हणालो. आणि तो प्रश्न खोटा नव्हता, असे मला आजही वाटते. मागून एक तरुण म्हणाला, “गुरुजी, पाऊस काय वही बघून पडला?”

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला मी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेक वर्षे समजावून सांगितला आहे. धन्यावर कुरकुर करणाऱ्यांच्या रांगेत आपणच उभे असू, हे काही ध्यानात आले नव्हते. मी वही मिटली. वाटे पंधरा झाले, पंधरावा माझा. मी नको म्हणालो, तर मावशी चिडल्या. “चिखलात उतरला होतात ना?” शेवटी एक गोणी घेतली आणि बाकीचे भात बियाण्यात जमा केले.

घरी आईने गोणीत हात घातला, एक दाणा दाताखाली फोडला. “ओल आहे अजून. दोन उन्हे दे,” ती म्हणाली. वाळवून मी गोणी गिरणीत न्यायला निघालो, तेव्हा तिने थांबवले आणि दोन पायल्या भात मोजून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले.

“हे बियाण्याला.”

“आई, पेरणार कुठे?”

तिने गाठ पुन्हा एकदा आवळली आणि गाठोडे माळ्यावर ठेवायला माझ्या हाती दिले.