पुन्हा शिकाऊ होण्याचे साहस

‘साहस’ या शब्दावर आपल्या परंपरेचा फारसा विश्वास नसावा. धर्मशास्त्राच्या जुन्या परिभाषेत साहस हे एक व्यवहारपद होते, म्हणजे चक्क गुन्ह्याचा प्रकार. बळजोरीने केलेले कृत्य असा त्याचा अर्थ. पुढे या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. परंतु अंथरूण पाहून पाय पसरण्याची शिकवण काही सुटली नाही. मग साहसाला आपण दूर नेऊन ठेवले. ते हिमालयात असते, समुद्रापार असते, आणि मुख्य म्हणजे विशीत असते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने त्याच्याकडे लांबून कौतुकाने पाहावे, एवढेच.

ही समजूत तपासून पाहावीशी वाटली ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’मुळे. हे पुस्तक १९७९ साली आले, तेव्हा १९२७ साली जन्मलेले माडगूळकर पन्नाशी ओलांडून गेले होते. ‘बनगरवाडी’ (१९५५) मागे पडून दोन तपे झाली होती, पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी होती, मराठी कथेतले स्थान निश्चित झाले होते. नवे काही सिद्ध करण्याची निकड उरलेली नव्हती. माणदेशाचा उजाड माळ ही ज्याच्या लेखनाची मायभूमी, असा हा लेखक महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, साकोलीजवळच्या आमच्या रानात येऊन राहिला. पूर्वी शिकारीच्या निमित्ताने त्याने रान तुडवले होते. येथे मात्र तो आला पाहायला आणि टिपून घ्यायला. थरार शोधणाऱ्या वाचकाच्या हाती या पुस्तकातून फारसे काही लागत नाही. त्यातले साहस निराळ्या जातीचे आहे. नावारूपाला आलेला माणूस एका अनोळखी जागी जातो आणि तिथे पहिल्या इयत्तेत बसतो, हे ते साहस.

वर्गात या पुस्तकाविषयी बोलत होतो. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले वगैरे माहिती सांगून झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि तिने विचारले, “सर, हा जंगल त आपल्याच इकडचा हाये ना? मंग आपल्यातल्या कोनी काहून नाही लिहिला?” वर्ग हसला, तिच्या बोलीला हसला की प्रश्नाला, ते कळले नाही. परंतु मला वाटते, समीक्षेच्या कित्येक चर्चासत्रांतून इतका नेमका प्रश्न निघत नाही.

त्याची दोन उत्तरे मला जवळच सापडली. पहिले मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले, कोइमतूरला वनविद्या शिकलेले हे वनाधिकारी नवेगावबांधला आले, तेव्हा नवेगाव भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. अधिकारी म्हणून आलेल्या या माणसाने पाहता पाहता शिष्याची भूमिका घेतली. माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकाराकडून, वनात वावरणाऱ्या अनाम माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, पाण्याची नावे घेतली. जुन्या ग्रंथांतील पशुपक्षी समजून घ्यायचे म्हणून नोकरीत असतानाच ते संस्कृत शिकले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके या शिष्यत्वातून आली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, २०२५ साली पद्मश्री, आणि त्याच वर्षी १८ जूनला निधन. मानसन्मानांची यादी नंतरची. आधी आहे ती गणवेशातल्या माणसाची दुसऱ्याला ‘हे काय आहे?’ असे विचारण्याची तयारी.

दुसरे उत्तर साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे. ज्या बोलीला वर्ग हसतो, त्या झाडीबोलीला त्यांनी अभ्यासाचा विषय केले. जंगलात शिरण्यापेक्षा हे सोपे आहे असे कोणी समजू नये. दूरच्या रानाला निदान अद्भुताचे वलय असते. घरातल्या बोलीला तेही नसते.

माझे स्वप्न यापुढे अगदीच लहान आहे. आमच्या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. शिवाय गावोगावी लहान लहान बोड्या आहेत. कोहळी समाजाने तलाव बांधले, धिवरांनी त्यांतील मासळीवर संसार केले. या दोहोंच्या तोंडी पाण्याचा एक शब्दसंग्रह आहे: पाळीचा, तुडुमाचा (तलावातून पाणी सोडण्याची ती व्यवस्था), जाळ्यांचा, माशांचा, पाणगवतांचा. तो गोळा करावा असे फार दिवस मनात होते. दोन वर्षांपासून रविवारी वही घेऊन जातो. सहकारी विचारतात, पदोन्नतीच्या गुणांकनात हे कुठे बसते? कुठेच बसत नाही. पण खरी भीती त्या प्रश्नाची नव्हतीच. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून बोलण्याची सवय झालेल्या माणसाला पाळीवर उकिडवे बसून ऐकायचे होते, आणि आपल्याला काही येत नाही हे पावलोपावली दिसू द्यायचे होते. पहिल्याच रविवारी एका वृद्ध धिवराला मी एका पाणवनस्पतीचे नाव विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, पान्यात पाय टाकल्याबिगर नाव कसा सांगू?” मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यामागून चिखलात उतरलो. गुरुजी म्हणवून घेऊन शिष्य होण्याचा तो अनुभव अवघड होता, आणि विलक्षण मोकळे करणाराही.

या संग्रहाचे पुस्तक होईल की नाही, सांगता येत नाही. तलाव गाळाने भरत चालले आहेत आणि शब्द सांगणारी माणसे थकत चालली आहेत. वेळ माझ्या बाजूने नाही. परंतु वयाबरोबर साहस संपते हे मला आता पटत नाही. वयाबरोबर आपल्याजवळ गमावण्यासारखे काही साठते: पद, नाव, जाणकार असल्याचा समज. विशीत जे फुकट मिळते, त्याची पंचेचाळिशीत किंमत मोजावी लागते. आणि किंमत मोजावी लागते म्हणूनच त्याला साहस म्हणायचे. त्या मुलीला मी एक कोरी वही दिली आहे. तिच्या आजीला भाताच्या जुन्या वाणांची नावे पाठ आहेत, असे ती सांगत होती.