कर्जतचा पाऊस येतो कुठून?

बालमित्रांनो, मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी 100 किलोमीटर आली, की कर्जत स्टेशन लागतं. प्रवासी बटाटेवडे घेण्याच्या गडबडीत असतात. तेवढ्यात गाडीला मागून हलकासा धक्का बसतो. घाबरू नका हं! पुढे बोरघाटाचा चढ आहे. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून इथे बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागून रेटा देतात आणि गाडी घाट चढते.

जून महिन्यात याच घाटाकडे आणखी एक प्रवासी येतो. त्याच्याजवळ तिकीट नसतं, सामान मात्र भरपूर असतं. ओळखलंत ना? पावसाचा ढग! अरबी समुद्रावरून बाष्पाचं ओझं घेऊन तो येतो. नैर्ऋत्येचा वारा त्याला मागून रेटत असतो आणि समोर उभी असते सह्याद्रीची भिंत. हवा ही भिंत चढू लागली की थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात. मग ढग आपलं बरंचसं ओझं घाटातच रिकामं करतो. म्हणून कर्जत-खालापूरकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माथेरान आणि लोणावळ्याला तर 4000च्याही वर. आणि पुण्याला? जेमतेम 700! कर्जतहून पुणं रेल्वेने फक्त 92 किलोमीटर आहे, पण मधे घाट आहे ना!

आमच्या भागाचं सारं जगणं या पावसाला बांधलेलं आहे. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात. मृगाच्या सरी आल्या की भात पेरतात, आणि रोपं वाढली की चिखलणी करून लावणी. पाऊस लवकर आटोपला तरी पीक हाती यावं, म्हणून लवकर तयार होणाऱ्या ‘हळव्या’ जाती असतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या ‘कर्जत 3’ आणि ‘कर्जत 184’ या अशाच जाती.

कर्जतहून खोपोलीला गेलात, तर तिथेही पाऊसच राबताना दिसेल. घाटमाथ्यावरच्या धरणांत अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली सोडतात. त्या पाण्याच्या जोरावर खोपोलीत 1915 सालापासून वीज तयार होते. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालत. कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही 1922 साली असंच वीजघर सुरू झालं. बरं, वीज करून झाली म्हणजे पाणी वाया गेलं का? छे! खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं आणि भिवपुरीचं पाणी राजनाला कालव्यातून उन्हाळी भाताला मिळतं. पाऊस पडतो एकदाच, पण कामं किती करतो पाहा!

आता एक कोडं. सह्याद्री तर जागचा हलत नाही. मग एखाद्या वर्षी पाऊस धो धो आणि एखाद्या वर्षी रोपं सुकून जातात, असं का होतं?

हेच कोडं सोडवायला गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती बसले होते. 1899 साली पावसाने दगा दिला आणि भारतात भयंकर दुष्काळ पडला. पुढे 1904 साली वॉकर आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. पाऊस कधी दगा देणार हे आधी कळेल का, म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले. तेव्हा त्यांना एक गंमत दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंद महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. अगदी बागेतल्या सी-सॉसारखं!

हा सी-सॉ हलतो कशामुळे? घरी एक प्रयोग करा. परातीत पाणी घ्या आणि एका बाजूने सारखी फुंकर घाला. पाणी पलीकडच्या काठाकडे सरकेल. पॅसिफिकवरचे वारे अशीच फुंकर घालत असतात. त्यामुळे समुद्राचं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला जमतं. तिथली हवा तापून वर जाते आणि भरपूर ढग तयार होतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर मात्र खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर खूप मासळीही मिळते. काही वर्षी ही फुंकर मंदावते. मग कोमट पाणी पेरूकडे सरकतं आणि ढगांची जत्राही त्याच्यामागून निघते. आपल्या बाजूला हवा खाली दबू लागते आणि पाऊस रुसतो. पेरूच्या कोळ्यांना हे कोमट पाणी नाताळच्या सुमारास जाणवायचं, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, ‘एल निनो’. फुंकर नेहमीपेक्षा जोरात आली तर उलटं घडतं. ती ‘ला निना’, म्हणजे मुलगी. ती आली की आपल्याकडे बहुधा चांगला पाऊस होतो.

2002 आणि 2009 ही एल निनोची वर्षं. पहिल्या वर्षी देशात सरासरीपेक्षा 19 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 22 टक्के पाऊस कमी पडला. मग झालं तर, कोडं सुटलं! पण थांबा. 1997 साली फार मोठा एल निनो आला. सगळे दुष्काळाच्या धास्तीत होते, आणि पाऊस पडला सरासरीपेक्षा 2 टक्के जास्त! हे कसं काय?

आपल्या हिंद महासागरातही एक छोटा सी-सॉ आहे. 1999 साली जपानमध्ये काम करणाऱ्या एन. एच. साजी, तोशियो यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला. कधी आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापतं, तर कधी सुमात्राकडचं. आफ्रिकेकडचं तापलं तर ते बहुधा आपल्या पावसाला साथ देतं. 1997 साली तसंच झालं होतं. म्हणजे पावसाच्या दोऱ्या एकाच्या हातात नाहीत.

आता खोपोलीहून चौककडे चला. वाटेत आकाशात घुसलेला एक सुळका दिसतो. त्याला आरपार भोकही आहे. तो इर्शाळगड. त्याच्या उतारावर ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. 2023 हे एल निनोचं वर्ष होतं. पूर्ण हंगामात देशात 6 टक्के पाऊस कमी पडला. त्या वर्षीचा ऑगस्ट तर 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नुसते हे आकडे वाचले तर वाटेल, त्या वर्षी आमच्याकडे पाऊस जपूनच पडला असेल. पण जुलैमध्ये इथे दिवसच्या दिवस मुसळधार पाऊस झाला आणि 19 जुलैच्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. वर जायला गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे चिखलातून चालत चढले. 27 जणांचे मृतदेह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती.

मुलांनो, म्हणून सरासरीचा अर्थ नीट समजून घ्या. एल निनो सांगतो तो साऱ्या देशाच्या चार महिन्यांचा कल. पण त्याच चार महिन्यांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की अरबी समुद्रावरचे वारे काही दिवस जोर धरतात. मग आमचा सह्याद्री तेवढ्या दिवसांतच ढगांची पोती रिकामी करून घेतो. आठवड्याचा पाऊस दोन दिवसांत पडला तरी महिन्याच्या बेरजेत ते दिसत नाही. डोंगराला मात्र ते कळतं.

मग आपण काय करायचं? पाऊस मोजायचा! सपाट बुडाचं, सरळ उभ्या बाजूंचं भांडं उघड्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. हवामान खातंही याच वेळी मोजतं. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर 1 लिटर पाणी. एका दिवसात 64.5 मिलिमीटरच्या वर गेला तर तो जोरदार पाऊस आणि 204.5च्या वर गेला तर अतिमुसळधार. हवामान खात्याने ‘रेड अलर्ट’ दिला, की तो घरच्यांना वाचून दाखवा. डोंगराजवळ राहत असाल तर आणखी चार गोष्टींकडे लक्ष ठेवा : जमिनीला नवी भेग पडली का? झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं का? झाडं किंवा खांब कलले का? घराची दारं अचानक अडकू लागली का? यातलं काही दिसलं, तर शाळेत, ग्रामपंचायतीत लगेच सांगा आणि मोठ्यांना घेऊन तिथून दूर व्हा. ‘यंदा पाऊस कमीच आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना आपली वही उघडून दाखवा!