इंजिन बदललेली बुली

गाडी विकली म्हटलं की तुम्ही आधी "कितीला?" विचाराल. त्याआधी तिच्या कागदांची गोष्ट ऐका.

आम्ही हॅनोव्हरला राहतो. फोक्सवॅगनची 'बुली' व्हॅन १९५६ पासून इथल्याच कारखान्यात बनू लागली. आमची टी-३, म्हणजे तिसऱ्या पिढीची, १९८६ ची. इंजिन मागच्या बाजूला, १.६ लिटर डिझेल, ताकद ५० अश्वशक्ती. माणसं आणि सामान भरलं की चढावर ट्रकसुद्धा पुढे निघून जायचे. म्हणून २००१ च्या पसाटचं ११५ अश्वशक्तीचं टर्बो डिझेल इंजिन बसवून घेतलं.

जर्मनीत असा बदल केला की तज्ज्ञाकडून गाडीची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. ब्रेक, आवाज, धूर, सगळं पाहून मग तो बदल नोंदणीच्या कागदावर चढतो. तसा चढला नाही, तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते. आमच्या कागदावर ती नोंद होती.

अडचण वेगळीच निघाली. ३० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला इथे 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते; कर वर्षाला ठरलेला, १९१ युरो ७३ सेंट. बदल चालतात, पण त्या गाडीच्या काळाला धरून असलेले. आमचं इंजिन पंधरा वर्षांनी धाकटं! पहिल्या गिऱ्हाइकाला तीच प्लेट हवी होती. "मिळणं कठीण आहे," असं सांगताच तो गेला. घरचेच म्हणाले, विचारल्याशिवाय सांगायचं कशाला?

पण ड्यूटी बदलताना केस पेपरवर नसलेलंही पुढच्या सिस्टरला सांगायचं, ही आमच्यातल्या एकीची जन्माची सवय. शिवाय माहीत असलेला दोष लपवला, तर "आहे तशी विकली" हे करारातलं वाक्य इथे विकणाऱ्याला वाचवत नाही.

दुसरं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं. शनिवारी येतो म्हणाले, आम्ही रविवार दिला. प्लेटचं आधीच सांगितलं. गिअरबॉक्स जुन्या इंजिनाच्या बेताचा आहे, एकदम जोर देऊ नका, हेही सांगितलं. लांबून आल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवा, टर्बोला तेल मिळू द्या. हे सगळं डिस्चार्ज कार्डासारखं कागदावर लिहून दिलं.

भाव मनातल्यापेक्षा कमी आला. पण त्यांचा फोन आला, तर उचलताना हात अडखळणार नाही.