पाचशे ग्रॅमच्या आत

ओस्कर बार्नाकला दम्याचा त्रास होता आणि डोंगरात भटकायची हौसही. जर्मनीतल्या वेट्झलार गावात लाइट्झ कंपनीत तो नोकरीला. त्या काळचा प्लेटांचा कॅमेरा, स्टँड आणि काचांची पेटी पाठीवर घेऊन चढ चढायचा म्हणजे छाती भरून यायची. म्हणून १९१३-१४च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून एक छोटा कॅमेरा करून पाहिला. सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत एक, अशी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट त्याने ठरवली. हाच कॅमेरा पुढे १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका म्हणून लोकांसमोर आला. आज त्याच मापाला आपण मोठ्या आदराने ‘फुल फ्रेम’ म्हणतो आणि तेवढा सेन्सर पाहिजेच म्हणून दीड-दोन किलोचं ओझं गळ्यात अडकवतो. बार्नाक असता तर त्याला पुन्हा धाप लागली असती.

मी लग्नांचे फोटो काढतो. माझी बॉडी बॅटरीसकट ८४० ग्रॅमची, त्यावर २४-७० ची लेन्स ९०० ग्रॅमची. हॉलच्या मरतुकड्या उजेडात, अंतरपाट दूर होतो त्या एका क्षणाला हे ओझं पुरेपूर वसूल होतं. पण नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरलं तेव्हा ते कपाटात राहणार हे उघड होतं. १,३१२ किलोमीटरची नदी दोन्ही काठांनी चालायची, म्हणजे वळणावळणांनी अडीच हजारांच्या वरच जातं. एका दमात जमणार नव्हतं, टप्प्याटप्प्याने का होईना, पण पायीच. रात्र आश्रमात किंवा कुणाच्या ओसरीवर. जेवण सदाव्रताचं. जुने परिक्रमावासी झोळी, दंड, कमंडलू आणि पूजेची नर्मदाजलाची कुपी एवढ्यावर निघत. वाटेवरचा पहिला नियमच संग्रह न करण्याचा, आणि मी निघालो होतो संग्रहासाठीच बनवलेलं यंत्र घेऊन. हा पेच मला सुटलेला नाही. निदान ते यंत्र लहान तरी असावं, एवढीच तडजोड मी केली.

बजेट तीस हजार. वजन, लेन्ससकट, पाचशे ग्रॅमच्या आत.

मोबाइल का नको, हे पहिल्यांदा सगळे विचारतात. माझं प्रामाणिक मत असं, की दहातल्या आठ जणांनी मोबाइलच न्यावा आणि उरलेल्या पैशांचे चांगले बूट घ्यावेत. मला तो नको होता, कारण भर दुपारी नदीकाठच्या वाळूवर त्याच्या पडद्यात काही दिसत नाही, आणि डोळ्याला यंत्र लावल्याखेरीज मला चौकट सुचत नाही. शिवाय मोबाइल ही घरची दोरी. त्याची बॅटरी फोटोंपायी संपवणं परवडत नाही.

मग रिकोह जीआर पाहिला. खिशात मावतो, फुल फ्रेमच्या मापाने २८ मिलिमीटरची एकच लेन्स, सेन्सर मोठा. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांचा हा लाडका, आणि ते लाड रास्त आहेत. पण तो जुना घेतला तरी माझ्या खिशाबाहेर जात होता, त्याला व्ह्यूफाइंडर नाही, आणि लेन्स आतबाहेर होताना धूळ आत ओढली जाते अशी तक्रार फार ऐकलेली. परिक्रमेतल्या निमाड भागातल्या वाटा म्हणजे घोटा बुडेल एवढी धूळ. ऑलिम्पसचा ई-एम१० मार्क टू हातात छान बसला, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय त्याच्या बॉडीतच आहे. तो जवळजवळ घेतलाच होता. अडलं ते चार्जिंगपाशी. त्याची बॅटरी काढून वेगळ्या चार्जरमध्ये घालावी लागते आणि त्याला भिंतीतला प्लग लागतो. आश्रमात एकच प्लग, त्यावर एक्स्टेंशन, त्यावर बाराजणांचे मोबाइल. तिथे मी चार्जर घेऊन उभा!

सोनीचा ए६०००, २०१४ सालचा, हा मोबाइलच्याच जातीच्या साध्या केबलने कॅमेऱ्यातच चार्ज होतो. बॅटरी आणि कार्डासकट ३४४ ग्रॅम. त्याला सिग्माची ३० मिलिमीटर एफ २.८ लेन्स लावली की आणखी १४० ग्रॅम. बेरीज ४८४. पाण्या-धुळीपासून त्याला संरक्षण नाही, मेनू गुंतागुंतीचा, पकड लहान. चालेल.

तो मिळाला मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात. जुना कॅमेरा घेताना मी आधी स्क्रू बघतो. खाचा झिजलेल्या असतील तर तो कुणीतरी उघडलेला आहे, मग विकणारा काहीही सांगो. नंतर लेन्स काढून मोबाइलची टॉर्च मागून तिरपी मारायची आणि पुढून बघायचं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंसारखी, कडेपासून आत सरकणारी. धुळीचे चार कण असले तर खुशाल घ्या. बुरशीचा एक तंतू दिसला तरी नमस्कार करून निघा. मग एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो. सेन्सरवरचा प्रत्येक डाग त्यात काळा ठिपका होऊन उभा राहतो. टोपण लावून एक फोटो काढायचा, अंधारात लाल-पांढरे ठिपके चमकतात का बघायला. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा, सगळ्यात शेवटी, कारण त्या आकड्याला विक्रेते फार भाव देतात आणि मी तेवढा देत नाही.

या सिग्माची एक गंमत आहे. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत काहीतरी सुटल्यासारखं खुळखुळतं. फोकसची काच वीज असेपर्यंतच चुंबकाने धरलेली असते, त्यामुळे हा आवाज मुळातलाच. दुकानदार म्हणाला, “साहेब, दोघांनी ह्याच आवाजामुळे परत ठेवली. कमी करून देतो.” मी गप्प राहून घेतली. धंद्यात एवढं चालतं.

विजेचा हिशोब निघण्याआधी कागदावर मांडावा. दहा हजार एमएएचची पॉवर बँक आणि एक हजार वीस एमएएचची बॅटरी म्हटल्यावर वाटतं, दहा वेळा चार्ज होईल. पण पॉवर बँकेचा आकडा ३.७ व्होल्टचा आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीचा ७.२ व्होल्टचा. ऊर्जेत मोजलं तर एकीकडे ३७ वॅट-तास आणि दुसरीकडे साधारण ७.३. झाले पाच. त्यातलाही बराच वाटा उष्णतेत जातो, हाती तीन-साडेतीन लागतात. एका बॅटरीत कंपनीच्या हिशोबाने साडेतीनशेच्या आसपास फोटो. मला दिवसाला चाळीस पुरतात. कार्डं लहान लहान घेतली. मोठं एकच हरवलं तर सगळा काठ वाहून जाईल.

एकच लेन्स न्यायची हे मात्र पैशांमुळे ठरवलेलं नाही. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने, नदी उजव्या हाताला ठेवून निघालं की बडवानीचा भाग लागतो आणि पुढे शूलपाणीची झाडी, ज्यातला काही काठ आपल्या नंदुरबार जिल्ह्यात येतो. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर, आणि २०१९ साली धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं तेव्हा इथली घरं पाण्याखाली गेली. इथल्या लोकांनी कॅमेरे फार पाहिलेत. गळ्यात मोठी लेन्स दिसली की पहिला प्रश्न येतो, “कौन-से चैनल से हो?” मग एक तर लोक गऱ्हाणं सांगायला लागतात किंवा पाठ फिरवतात. दोन्ही त्यांच्या जागी बरोबर आहे. पण परिक्रमावासी म्हणून ज्याच्या ओसरीवर भाकरी खाल्ली, त्याला आपण चॅनेलवाले वाटू नये.

म्हणून कंपनीचं नाव लिहिलेला रुंद पट्टा काढून साधी सुती दोरी लावली आणि बॉडीवरच्या अक्षरांवर काळी चिकटपट्टी. आणखी एक गोष्ट वापरताना लक्षात आली. ए६०००चा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा लावला की नाक आणि डावा डोळा कॅमेऱ्याबाहेर राहतो, समोरच्याला आपला अर्धा चेहरा दिसतो. लग्नाच्या कॅमेऱ्यामागे माझं अख्खं तोंड झाकलं जातं. इथे फोटो काढता काढता बोलता येतं, हसता येतं. ३० मिलिमीटरने चेहरा घ्यायचा तर दीड हातावर जाऊन बसावं लागतं, आणि तिथवर जायचं तर आधी “नर्मदे हर” म्हणून चार गोष्टी कराव्या लागतात. जबलपूरचे अमृतलाल वेगड नर्मदेकाठी रेखाटनं करत हिंडले. चित्र काढणाऱ्याला समोर बसून राहणं भागच असतं. झूम नसल्यामुळे थोडी तशी सक्ती माझ्यावरही झाली.

झूम नसल्याने गेलेले फोटो पुष्कळ. पैलतीरावरचे पक्षी, दूरच्या होड्या, सगळं सोडून दिलं.

दक्षिण तट संपतो तिथे खंबातच्या आखातातून होडीने मिठी तलाईला जातात. भरतीच्या वेळेवर सगळा खेळ, होडी माणसांनी खच्चून भरलेली, आणि खारे तुषार सतत अंगावर. नर्मदामैयेचं पाणी कॅमेऱ्यावर उडालं तर पुसून वाळवता येतं. खारं पाणी सर्किटात गेलं तर ते कॅमेरा हळूहळू खातं. तिथे कॅमेरा तिहेरी पिशवीत बांधून तळाशी ठेवला आणि फोटो एकही काढला नाही. थंडीत अमरकंटकच्या बाजूला त्रास उलटा. उंची हजार मीटरच्या वर, पहाटे हात गारठतात. तसाच कॅमेरा घेऊन चुलीपाशी गेलात की काचेच्या आतून धुकं धरतं. बाहेरच पिशवीत बंद करावा, आत नेऊन तासभर उघडू नये. तोवर चहा घ्यावा.

बजेटमध्ये लोक एक खातं धरतच नाहीत. फोटो काढला की “हमको भेजोगे ना?” हे ठरलेलं. मोबाइल असलेल्यांना कॅमेऱ्याच्या वायफायवरून तिथल्या तिथे पाठवतो. पण ज्यांचे चेहरे मला सगळ्यात जास्त हवे असतात त्या म्हाताऱ्यांकडे मोबाइल नसतो, असला तरी नातवाच्या खिशात. त्यांचे पत्ते वहीत लिहून घेतो: गाव, पोस्ट, तहसील, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराचं नाव, कारण पोस्टमन त्यालाच ओळखतो. चार बाय सहाच्या प्रिंट, पुठ्ठा, पाकीट आणि टपाल यांसाठी तीस हजारांतले तीन हजार मी आधीच बाजूला काढले होते. त्यामुळे कॅमेऱ्याची बॅग घेता आली नाही. सध्या तो मफलरीत गुंडाळून कपड्यांमध्येच ठेवतो.