बऱ्हाणपूरची थंडी आणि आठ वेण्या

बऱ्हाणपूर म्हटले की मुमताजमहल, तापी आणि मावा जिलबी, एवढेच आपल्याकडे ठाऊक असते. मी जानेवारीत गेले आणि माझ्या लक्षात राहिली ती तिथली थंडी. आपल्या बेळगावची थंडी धुक्याची, ओलसर. ‘चळि’ म्हटले की अंगावर दव पडल्यासारखे वाटते. बऱ्हाणपूरची थंडी कोरडी. सकाळी तापीवरून वारा सुटला की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि केसांचा तर पार झाडू होतो.

नणंदेच्या सासरी लग्न होते. गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठायचे, तिथून रावेरवरून तासाभरात बऱ्हाणपूर. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच केळी. बरोबर धाकटी लेक होती, वय तेरा. तिचे केस दाट आणि अगदी बारीक वळणाचे, कानडीत म्हणतात तसे ‘गुंगुरु कूदलु’. वर्गातल्या मुली तिला ‘मॅगी’ म्हणून चिडवतात. लग्नाआधी केस सरळ करून घ्यायचे असा तिचा हट्ट होता आणि आत्याने लाडाने तिथल्या एका पार्लरमध्ये वेळही घेऊन ठेवली होती. केस सरळ करण्याच्या पुष्कळ रसायनांतून ती तापवताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तेराव्या वर्षी हे नकोच, असे माझे मत. पण आईने नको म्हटलेले त्या वयात कोण ऐकते?

ऐकले ते नणंदेच्या सासूबाईंचे. पहिल्याच सकाळी पोर न्हाऊन ओल्या, मोकळ्या केसांनी गच्चीकडे निघाली, तशा त्या ओरडल्या, “अगं, केळीच्या घडालासुद्धा आम्ही थंडीत पिशवी घालतो, आणि तू उघड्या डोक्याने कुठे निघालीस?”

मग त्यांनी तिला पुढ्यात बसवून घेतले. खोबरेल थिजून दगड झाले होते (चोवीस अंशांखाली ते थिजतेच), म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवली आणि त्यात थोडे तिळाचे तेल घातले. डोक्याच्या कातडीतून सुटणारे तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत पोचते. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर अडते, म्हणून त्याची टोके आधी कोरडी पडतात आणि कोरड्या हवेत पटापट तुटतात. आजींनी हे काही सांगितले नाही, पण त्यांचा हात बरोबर टोकांकडेच गेला. खोबरेल केसाच्या आत मुरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी वाहून जाते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. आपल्या आज्यांना ते आधीच माहीत होते म्हणायचे.

केस ओलसर असतानाच गुंता बोटांनी सोडवला, मग रुंद दातांची फणी, तीही टोकाकडून वर. बारीक फणीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. आठ भाग करून आठ तिपेडी वेण्या घातल्या. प्रत्येकीचे टोक आत दुमडून मऊ सुती अगवळाने बांधले आणि सगळ्या मिळून मागे खोपा. टोक उघडे राहिले नाही म्हणजे वारा लागत नाही, कॉलरवर घासतही नाही. मात्र कानशिलाजवळ वेणी सैल. कातडी ओढली जाऊन कपाळ दुखू लागले, तर ती वेणी सोडून परत घालायची. घट्ट वेण्या रोज घातल्या की तिथले केस मुळापासून जातात आणि पुढे येतही नाहीत. लोकरीची टोपी केस ओढते, म्हणून जुन्या रेशमी पातळाचा तुकडा तिला आतून टाचून दिला. वर ताकीद, “सहा दिवस सोडायच्या नाहीत.”

लेक फुगून बसली होती. तशीच तिला शाही किल्ल्यात नेले. तिथला हमामखाना मुमताजसाठी बांधला असे सांगतात. छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते. मुमताज १६३१ साली याच गावात, चौदाव्या बाळंतपणात गेली. लेकीने विचारले, “आई, एवढे केस ती थंडीत वाळवायची कसे?” मी आपल्या घरची बाळंतिणीची शेगडी, वर उपडी टोपली आणि उदाधुपाचा धूर सांगितला. राणीचे काय होते, कोण जाणे.

किल्ल्याखाली तापी वाहते. १६२० च्या सुमारास याच गावाला मलिक अंबरच्या फौजेने वेढा घातला होता. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता झाला. त्याच्या मायदेशी उंच पठारांवर थंडी चांगलीच असते. तिथल्या बायका डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात, त्यांना ‘शुरुबा’ म्हणतात, आणि केसांना चक्क लोणी चोळतात. हे सांगताना मला आपल्या हल्याळ, यल्लापूर, खानापूरकडचे सिद्दी आठवले. मूळ आफ्रिकेचे, बोलतात कोकणी, मराठी, कानडी. लेकीच्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी आहे. “तिलापण मॅगीच म्हणतात,” लेक म्हणाली. पुढे बराच वेळ गप्प होती.

बाजारात बंजारा बायका दिसल्या. म्हाताऱ्यांच्या गालांवर अजून वेण्या लोंबतात, टोकांना चांदीच्या घुगऱ्या, वर ओढणी. विजापूरकडच्या आपल्या लंबाणी बायका हुबेहूब अशाच. मोगल फौजांना बैलांवरून धान्य पुरवणारे तांडे यांचेच.

कुंडी भंडाराही पाहिला. खानखानाच्या वेळी, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून गावात आणण्यासाठी ही सोय केली. लिफ्टने खाली उतरलो तर भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर. अशा जड पाण्यात केस वारंवार धुतले की खरखरीतच व्हायचे. सहा दिवसांची ताकीद मला तिथे पटली.

सहाव्या दिवशी वेण्या सोडल्या तेव्हा मूठभर केस हातात आले आणि पोर रडकुंडीला आली. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. एरवी ते फणीत नि उशीवर जातात, इथे सहा दिवसांचे वेण्यांत अडकून राहिले होते, एवढेच. उरलेले केस मऊ, लांब वळणांचे होऊन पाठीवर आले. तिने आरशात दोनदा पाहिले. पार्लरची वेळ नवरीच्या मामेबहिणीने घेतली.

लग्नात संध्याकाळपुरते केस मोकळे, कानामागे शेवंती. रात्री परत आठ वेण्या आणि टोपी. निघताना तिने आजींकडून रेशमाचे आणखी दोन तुकडे मागून घेतले, एक घरच्या टोपीला आणि एक वर्गातल्या त्या मैत्रिणीसाठी.