हा आवाज कुणाचा?

आपल्या पिढीचा प्रॉब्लेम काय आहे माहितीये? मोबाइल कंपनी असो, जिम असो की डाएट, जरा काही खटकलं की आपण लगेच स्विच मारतो. मी तर गेल्या महिन्यात चक्क गायिका बदलली. म्हणजे गाणं बनवून देणारं एआय टूल हो!

झालं असं, की आईची साठी जवळ आली होती. पैठणी, गोव्याची ट्रिप वगैरे आयडिया दादाने आधीच ढापल्या होत्या. मी पडले फ्रीलान्स पत्रकार. खिशात पैसे कमी, शब्द भरपूर. म्हटलं, आईवर गाणंच लिहू या. शब्द टाकायचे, 'भावगीत, पेटी, तबला, बाईचा आवाज' एवढं सांगायचं आणि बटण दाबायचं. मिनिटभरात गाणं तयार!

चाल सॉलिड जमली होती. लोचा एकच. बाईंना 'ळ' येत नव्हता. 'सकाळ'चं 'सकाल', 'ओंजळ'चं 'ओंजल'. शब्द तोडून लिहिले, रोमनमध्ये लिहिले. छे! शिवाय पुन्हा बटण दाबलं, की गाणं दर वेळी नव्याने रचलं जायचं. म्हणजे 'ळ' सुधारायला जावं, तर चालच हातची जाते. शेवटी वैतागून दुसऱ्या टूलवर गेले. तिथे 'ळ' बरा होता. वर स्वतःचं रेकॉर्डिंग अपलोड करायची सोयही होती. झालं, डोक्यात किडा वळवळला.

आई पूर्वी गायची. भजनी मंडळात, सोसायटीच्या गणपतीत. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर लागेनासे झाले. तेव्हापासून ती गातच नाही. कपाटात तिची १९९८ची एक कॅसेट आहे. तीच दिली तर? आईचा जुना आवाज, माझे नवे शब्द!

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. अपलोड करताना एक चौकट आली. या रेकॉर्डिंगचे हक्क तुमच्याकडे आहेत ना? एरवी आपण अशा चौकटींवर डोळे झाकून टिक करतो. त्या रात्री हात थांबला. कारण या विषयावर थोडं वाचलेलं होतं. जून २०२४मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या कंपन्यांनी अमेरिकेत 'सुनो' आणि 'युडिओ'वर खटले भरले. आमची गाणी आम्हाला न विचारता यंत्राला शिकवलीत, ही तक्रार. ऑगस्टमध्ये 'सुनो'ने कोर्टात सांगितलं, की कोट्यवधी रेकॉर्डिंग्ज वापरली खरी, पण ते कायद्यात बसतं. पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये युनिव्हर्सलने 'युडिओ'शी तडजोड केली, नोव्हेंबरमध्ये वॉर्नरने दोघांशी.

कंपन्यांकडे वकील आहेत. आईकडे कोण? मी. आणि मीच तिला न विचारता टिक करायला निघाले होते.

सरप्राइज गेलं खड्ड्यात. सकाळी चहा पिताना तिला सगळं सांगून टाकलं, कॅसेट ऐकवली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ही बत्तीस वर्षांची बाई छान गायची गं. पण माझ्या साठीचं गाणं ती कसं म्हणणार?"

यावर काय बोलणार! मग तिने पहिल्या टूलचं 'सकाल'वालं गाणं मागितलं. पोट धरून हसली. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र तिची बोटं टेबलावर ताल धरत होती. "चाल बरीये तुझ्या मशीनची. पेटी काढ. काळी चारला गायचे मी, आता काळी एकला जमतंय का बघू."

वाढदिवसाला आई गायली. दोनदा श्वास पुरला नाही, एकदा आवाज फाटला. 'ळ' मात्र ठणठणीत! मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. कुठेही अपलोड केलेलं नाही.

नव्या टूलचे महिन्याचे पैसे भरलेत, ते वाया. पण पाहुणे गेल्यावर पेटीचा भाता बंद करताना आई म्हणाली, "अंतरा जरा वर गेलाय. पुढच्या वेळी खाली घेऊ."

पुढच्या वेळी! आता बोला.