शिष्यवृत्तीचं जेवण

लेकीला अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. फी माफ, राहणं-जेवणही फुकट! मग एक दिवस तिचा फोन : "बाबा, फीच्या पैशांवर कर नाही, पण राहण्या-जेवणाच्या ९,००० डॉलरमधून १४ टक्के कापलेत."

म्हणजे १,२६० डॉलर. जेवणावर कर? मी चिडलोच. आणि वर तिलाच म्हणालो, "जाऊ दे, सरकारशी कुठे भांडतेस!"

तिने ऐकलं नाही. भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१मुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथली प्रमाणित वजावट मिळते (बहुतेक इतर परदेशी पोरांना नाही). तिने १०४०-एनआर भरला, सगळे पैसे परत आले.

पहिली खरेदी? चष्मा. सहा महिने मोडक्यावर काढले होते कार्टीने. हिला ठाऊक होतं, मला नाही.